गुळाचं धिरडं आणि मंद आच

गोड पिठात घालायचं की वरून, एवढ्या एका गोष्टीवर तव्यावरचं सगळं काम ठरतं. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत कायझरश्मार्न नावाचा पदार्थ घरोघरी होतो. फ्रान्झ जोसेफ बादशहाशी त्याचं नाव जोडलं जातं. मैदा, दूध आणि अंड्याचा पिवळा बलक एकत्र करायचा, पांढरा भाग फेसाळेपर्यंत फेटून त्यात अलगद मिसळायचा, लोण्यावर जाडसर भाजायचं आणि तव्यातच तुकडे करायचे. पिठात साखर थोडीच. खरं गोड मागाहून येतं, पिठीसाखर आणि शिजवलेले आलुबुखार. विदर्भातल्या कन्हानच्या आमच्या स्वयंपाकघरात मी तो केला आहे आणि घरात सगळ्यांना आवडतो. तरी माझं मत विचाराल तर आमचं गुळाचं धिरडं त्याहून अवघड. अंड्याचा आधार नाही, फेसाचा फुगवटा नाही, आणि जळायला टपलेला गूळ थेट पिठात.

दोन वाट्या कणकेला वाटीभर चिरलेला गूळ लागतो. गूळ आधी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, कारण त्यात चिपाडाचे तुकडे आणि कधी बारीक खडेही निघतात. दूध घालायचा मोह आवरावा. तापल्या दुधात गूळ पडला की दूध नासतं. चिमूटभर मीठ, थोडं जायफळ, आणि कडा कुरकुरीत हव्या असतील तर मूठभर तांदळाचं पीठ. मग अर्धा तास झाकून ठेवायचं. तेवढ्यात कणकेतला कोंडा पाणी पितो आणि पीठ घट्ट होतं. पुन्हा थोडं पाणी घालून ते पळीतून अखंड धारेनं पडेल इतकं सैल करायचं. घाईनं लगेच तव्यावर घातलेलं धिरडं उलटताना फाटतं.

तवा बिडाचाच हवा. आमचा तवा जवसाच्या तेलावर तयार झालेला आहे. विदर्भात जवस मुबलक, आणि त्याच्या तेलाचा गुण असा की ते उष्णतेनं आणि हवेनं सुकून पातळ, कडक थर धरतं. रंगकामात ते वापरतात तेही याच गुणामुळे. असे थरावर थर चढले की बीड काळंभोर, गुळगुळीत होतं आणि गूळ चिकटत नाही. धिरडं घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला की पुरे.

आता आच. डोसा घालताना पाण्याचा थेंब तव्यावर टाकून तो नाचतो का ते बघतात. गुळाच्या धिरड्याला ती खूण चालत नाही. थेंब गोळी होऊन नाचतो तेव्हा तवा दोनशे अंशांच्या आसपास पोचलेला असतो, आणि साखर १६० अंशांच्या सुमारास तांबूस होऊ लागते. गुळात फ्रुक्टोजही असतं, ते त्याच्याही कितीतरी आधी रंग धरतं. म्हणून थेंबानं नुसतं चुरचुरून आटावं, इतकाच तवा तापवायचा.

कन्हान हे कोळसा खाणींच्या शेजारचं गाव; कामठी, इंदर, गोंडेगाव या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणी जवळच. गॅस येण्याआधी आमच्याकडे सिगडीच होती. ती अंगणात पेटवायची, धूर जाऊन कोळसा लाल झाला की आत आणायची. तिला कमी-जास्त करायला बटण नव्हतं. आई निखाऱ्यांवर राख भुरभुरायची, तवा तिरपा करून कडेला सरकवायची, आणि मी मधे लुडबुड केली की म्हणायची, "थांब ना जरा, गूळ जळून राहिला!" गॅसवर हात बसायला मला त्या राखेचीच आठवण उपयोगी पडली. आच किती कमी ठेवायची ते तिथं डोळ्यांनी शिकलेलं होतं.

पीठ डोशासारखं पळीनं घोळवून पसरायचं नाही. गोड पीठ पळीला धरतं आणि मधे भोक पडतं. बाहेरून आत गोल धार सोडत यायचं, जागा राहील तिथं दोन थेंब. झाकण ठेवायचं. वरचा ओला चकाकता भाग मंदावतो, लहान लहान जाळी पडते, कडेचा रंग पिवळसर-तांबूस होतो आणि कड आपोआप तवा सोडते. ती सुटल्याशिवाय सराटा घालू नये. सुटली की एका हिसक्यात उलटायचं. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते. प्रत्येक धिरड्यानंतर तवा ओलसर फडक्यानं पुसून घ्यायचा, नाहीतर मागचा उरलेला गूळ काळा होऊन पुढच्याला कडवट करतो.

हल्ली जाळीसाठी सोडा घालतात. मला ते पटत नाही. सोड्यानं गूळ लवकर काळवंडतो आणि त्याचा स्वतःचा वास मागे पडतो. धिरडी एकावर एक रचूही नयेत, वाफेनं चिकटतात. चाळणीवर सुटी ठेवावीत. वाढताना वर साजूक तूप, आणि बाजूला कैरीचं लोणचं, हे मात्र हवंच.