हक्क वापरायला दिवस लागतो

(खारेपाटण येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय अवघड आहे, म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी विभागप्रमुख होतो तेव्हाची गोष्ट. एका सहकारी बाईंनी दोन महिन्यांत चौथ्यांदा रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'प्रकृती ठीक नाही'. मी सगळ्यांसमोर विचारलं, "डॉक्टरांचा दाखला कुठे आहे?" त्यांनी अर्ज परत घेतला. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, की त्यांना वकिलाकडे जायचं होतं. घरी मारहाण होत होती. वर्गात मी कांट शिकवत होतो, खरं बोलणं हे कर्तव्य आहे म्हणून. आणि माझ्याच टेबलावर आलेल्या अर्जात त्यांना खरं कारण लिहिता येत नव्हतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. हा कायदा बाईच्या नोकरीचं ठिकाण चांगलं ओळखतो. कलम १८ नुसार न्यायालय त्या माणसाला तिच्या कामाच्या जागी जायला मनाई करू शकतं. कलम २० मध्ये तिच्या बुडालेल्या कमाईची भरपाई आहे. कलम २७ नुसार ती जिथे नोकरी करते तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. एवढं सगळं आहे. पण मालकाने तिला रजा द्यावी, याबद्दल मात्र अक्षर नाही.

याचा अर्थ काय होतो? समजा, इथली एक बाई काजूच्या कारखान्यात किलोवर मजुरी घेते. तिने अर्ज केला. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल व्हावा, असं कायदा सांगतो. पण प्रत्येक तारखेला एसटीने कणकवली गाठायची, म्हणजे एक खाडा. शिवाय पोलीस ठाणं, दवाखाना, मुलांची शाळा बदलणं. चार खाडे झाले की काम जातं. काम गेलं की हातात पैसा नाही, आणि पैसा नसला की ती पुन्हा त्याच घरात जाते. म्हणून मी म्हणतो, वेळ हा हक्काचाच भाग आहे. ज्या हक्कासाठी पोट उपाशी ठेवावं लागतं, तो तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

गंमत म्हणजे हे तत्त्व आपल्या कायद्याला ठाऊक आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देण्याची सोय करतो. छळ कचेरीत झाला तर रजा, घरात झाला तर 'घरातला घरात रवांदे'!

बाहेर काय चाललंय? फिलिपिन्सने २००४ मध्येच दहा दिवसांची पगारी रजा दिली. न्यूझीलंडने २०१९ पासून, ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून तेवढीच. ऑस्ट्रेलियात तर पगाराच्या चिठ्ठीवर या रजेचं नाव छापायलाही बंदी आहे. का? ती चिठ्ठी घरी कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, "सर, लहान कारखानदाराला हे परवडायचं कसं?" प्रश्न रास्त आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हाही खर्चाचाच प्रश्न होता. डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या समाजाच्या हिताचं आहे, तेव्हा सरकारनेही भार उचलावा, पण ज्याला तिच्या श्रमाचा फायदा मिळतो तो मालकही जबाबदार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला. आज प्रसूतीची रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी, असं कोणी म्हणत नाही.

आणि कायद्याची वाट कशाला बघायची? शाळा, पतपेढी, कारखाना, कोणीही स्वतःचा ठराव करू शकतो. वर्षाला दहा दिवस पगारी रजा. हजेरीपटावर फक्त 'विशेष रजा'. कारण एकाच विश्वासू व्यक्तीला सांगायचं. मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याचा फोन आला तर ती कुठे आहे, कधी सुटते, काही सांगायचं नाही. दोषी कोण हे मालकाने ठरवायचं नाही, ते न्यायालयाचं काम. मालकाने तिला तिथपर्यंत जाऊ द्यायचं, एवढंच.

तिला हेही सांगा, की १८१ वर महिलांसाठी मदत मिळते. १५१०० वर विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि मोफत वकील मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही. या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी अर्ज करायलाही मदत करतो.

मी त्या बाईंची माफी मागितली, पण फार उशिरा. तुमच्यापैकी जे कोणी रजेच्या अर्जावर सही करतात, त्यांना माझी विनंती आहे. असा अर्ज आला तर दाखला मागू नका. आधी दार लोटून घ्या, त्यांना बसायला सांगा, आणि विचारा, "किती दिवस लागतील?"