महासरट काय खात, अंडी कशी घालीत?

हैदराबादच्या नौबत पहाडावर बिर्ला विज्ञान केंद्र आहे. तेथे २००० सालापासून एका डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. उस्मानिया विद्यापीठालगतच्या विद्यानगरातून किंवा शहराच्या दुसऱ्या एखाद्या भागातून शाळेची मुले सहलीला आली आणि त्या सांगाड्यापाशी थबकली, की त्यांचे दोन प्रश्न जणू ठरलेले असतात : हा एवढा मोठा प्राणी काय खात असे, आणि याची पिल्ले कशी जन्मत? लांबी सुमारे नऊ मीटर, वजन अदमासे अडीच टन, हे सांगणे सोपे आहे. मुलांच्या प्रश्नांची उत्तरे मात्र या सांगाड्यातून फारशी मिळत नाहीत. ती शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना निराळ्याच वस्तूंकडे वळावे लागले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांतील पुष्कळ उत्तरे आपल्याच देशात हाती आली आहेत, आणि त्यांतील एक तर महाराष्ट्रातील एका खेड्याच्या शिवारातून आले आहे.

प्रथम हाडे काय सांगतात ते पाहू. नौबत पहाडावरील प्राण्याचे नाव कोटासॉरस. यातील कोटा म्हणजे राजस्थानातील शहर नव्हे. गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे खेडे आहे; त्याच्यावरून त्या भागातील खडकांच्या थरांना हे नाव पडले. खडकांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. हेच थर नदीखालून पलीकडे तेलंगणात गेले आहेत, आणि तेथे, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील यामनपल्ली गावाजवळ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या संशोधकांनी ८४० हाडे गोळा केली. ती निदान बारा प्राण्यांची होती. पी. यादगिरी यांनी १९८८ साली या प्राण्याचे नामकरण केले. त्याचा काळ सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा.

डायनोसॉरांच्या ज्या शाखेत पुढे लांब मानेचे, लांब शेपटीचे आणि चार पायांवर चालणारे प्रचंड शाकाहारी प्राणी निर्माण झाले, तिच्या आरंभीच्या पिढ्यांपैकी हा एक होय. आपल्याकडील जुन्या लेखकांनी अशा प्राण्यांना महासरट म्हटले आहे. तो शब्द येथे सोयीचा आहे. महासरटांचे पूर्वज आकाराने लहान होते आणि त्यांतील पुष्कळ मागच्या दोन पायांवर चालत. कोटासॉरसच्या शरीरात या स्थित्यंतराच्या खुणा शेजारी शेजारी दिसतात. त्याचे मांडीचे हाड सरळ, खांबासारखे, वरून येणारा भार थेट जमिनीला पोचविणारे आहे. पण कमरेचे हाड अजून पूर्वजांच्याच घाटाचे आहे. पुढच्या काळातील महासरटांच्या मणक्यांत पक्ष्यांच्या हाडांप्रमाणे हवेच्या खोल पोकळ्या आढळतात, त्यामुळे त्यांची लांबलचक मान हलकी राहिली. कोटासॉरसचे मणके त्या मानाने साधे आणि भरीव आहेत. उत्क्रांती एखाद्या इमारतीचा नवा नकाशा काढून काम करीत नाही. जुन्याच घरात एकेक खोली बदलीत जावी तशी ती चालते, हे येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. एक गोष्ट मात्र पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी : या प्राण्याची कवटी अद्याप मिळालेली नाही. सांगाड्याचे डोके अनुमानाने घडविलेले आहे.

याच खोऱ्यात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांना त्याहून मोठा एक महासरट सापडला होता. त्याचे मांडीचे हाड जवळजवळ माणसाच्या उंचीचे. म्हणून त्याला बंगाली शब्दांवरून 'मोठ्या पायाचा' या अर्थी बारापासॉरस हे नाव दिले गेले. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष असल्यामुळे त्या नावाला टागोरांचेही नाव जोडले आहे. सांख्यिकीच्या संस्थेत डायनोसॉर कसे, असे कोणी विचारील. तर प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी आपल्या संस्थेचे दरवाजे फार रुंद ठेवले होते, एवढेच उत्तर देता येईल.

हाडांवरून प्राणी कसा उभा राही, कसा चाले, किती वाढे हे कळते. तो काय खाई हे दातांवरून थोडेफार कळते. महासरटांना चर्वण करणाऱ्या दाढा नव्हत्या, अर्थात पाला ओरबाडून ते तो तसाच गिळत असले पाहिजेत. पण कोणता पाला? येथे हाडे मुकी होतात, आणि शेण बोलू लागते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथील थर कोटाच्या थरांपेक्षा पुष्कळ अलीकडचे, सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून झाला, त्याचे मोठे लोट पसरण्याच्या सुमाराचा हा काळ. कोटासॉरस तोवर कधीच नामशेष झाला होता; पण त्याच्या शाखेतील दूरचे वंशज, टायटॅनोसॉर नावाचे महासरट, या प्रदेशात हिंडत होते. पिसदुऱ्याची हाडे प्रथम विद्वानांपुढे आणणारे गृहस्थ म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. शाळा काढणे, गोंडांच्या भाषेचा व चालीरीतींचा अभ्यास करणे आणि सवड मिळताच दगड गोळा करणे, असा त्यांचा क्रम असे. १८६३ साली नागपूरजवळ ओढा ओलांडताना बुडून त्यांचा अंत झाला. नागपूरच्या महाविद्यालयामुळे त्यांचे नाव लोकांना ठाऊक आहे, पण त्यांच्या या दुसऱ्या कामाची आठवण फारशी कोणी काढीत नाही.

पिसदुऱ्याच्या शिवारात हाडांबरोबरच आणखी एक वस्तू विपुल सापडते : दगड झालेली विष्ठा. किळस वाटण्याचे कारण नाही. ती आता निव्वळ दगड आहे. तिच्या पातळ चकत्या कापून आणि तिचा चुरा रसायनांनी धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की जेवणाचे अवशेष दिसू लागतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्यात बुरशीचे अवशेष आढळले. ते पानांवर करपा आणि भुरी हे रोग पाडणाऱ्या बुरशांसारखे होते. हे रोग आपल्या शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. एका महासरटाने रोगट पाने खाल्ली आणि पावणेसात कोटी वर्षांनी ती गोष्ट उघडकीस आली!

खरे नवल पुढच्याच वर्षी घडले. जोंधळ्याच्या किंवा उसाच्या पानाने हात चिरला नाही असा खेडुत विरळा. या पानांची धार वाळूची असते, असे म्हटले तरी चालेल. गवताच्या कुळातील वनस्पती जमिनीतील पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात आणि ती पेशींत साठवितात. पान कुजते, पचते, जळते. पण पेशीच्या आकाराचे हे सिलिकाचे कण तसेच राहतात. शिवाय वेगवेगळ्या वनस्पतींत त्यांचे आकार वेगवेगळे असतात, म्हणून कण पाहून कूळ ओळखता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेतून असे कण वेगळे काढले, तेव्हा त्यांत ताड, सूचिपर्णी वृक्ष इत्यादींबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण मिळाले. २००५ साली हे संशोधन 'सायन्स' या नियतकालिकात आले.

यात नवल काय, असे वाटेल. पण तोपर्यंत सर्वमान्य समजूत अशी होती, की डायनोसॉरांच्या काळी पृथ्वीवर गवत जवळजवळ नव्हतेच; ते पुढे आले, आणि मग गायी-घोड्यांसारखे चरणारे प्राणी आले. पिसदुऱ्याच्या शेणाने ही समजूत मोडली. पाच प्रकार होते, त्याअर्थी गवताच्या कुळाला फाटे फुटून बराच काळ लोटला होता. याच मंडळींनी २०११ साली भाताच्या जवळच्या नातलगांचेही कण या काळच्या अवशेषांत असल्याचे दाखविले. ही विष्ठा महासरटांचीच कशावरून, हा प्रश्न योग्य आहे. तिच्यावर धन्याचे नाव लिहिलेले नसते. त्याच थरात टायटॅनोसॉरांची हाडे सापडतात आणि तिच्यात वनस्पती आहेत, एवढ्यावरून केलेला हा तर्क आहे. काही गोळे दुसऱ्या प्राण्यांचे असू शकतील. गवताचा पुरावा मात्र त्यामुळे ढळत नाही.

आता पिल्लांचा प्रश्न. याच काळचे थर पश्चिमेकडे नर्मदेच्या खोऱ्यातही आहेत. मध्य प्रदेशात, पवारांच्या धार संस्थानचा जो मुलूख होता त्या धार जिल्ह्यात, दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान, गुंतुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी महासरटांची ९२ घरटी आणि त्यांतील २५६ अंडी नोंदविली. हे काम २०२३ साली प्रसिद्ध झाले. घरटी म्हणजे मातीतील उथळ खळगे. ती एकमेकांना इतकी खेटून आहेत, की त्यांच्यामधून एवढा धिप्पाड प्राणी वावरता तर निम्मी अंडी पायाखाली जाती. म्हणून संशोधकांचे मत असे, की माता समुदायाने तेथे येत, अंडी घालीत, ती पुरून टाकीत आणि निघून जात.

त्याआधी २०२२ साली याच मंडळींनी पाडल्या गावाजवळील एका घरट्यातील दहा अंड्यांपैकी एकाचे वर्णन केले. त्या अंड्यात आणखी एक अंडे होते. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार क्वचित पाहावयास मिळतो. पक्ष्यांच्या अंडनलिकेचे भाग वाटून दिलेले असतात : एकीकडे पांढरा बलक चढतो, पुढे पातळ पापुद्रा, शेवटी कवच. तयार अंडे काही बिघाडामुळे मागे ढकलले गेले आणि मागून येणाऱ्या अंड्याला भेटले, तर दोहोंवर मिळून नवे कवच चढते. कासवांत व सरड्यांत पापुद्रा आणि कवच एकाच भागात तयार होतात. त्यांच्यात अंडे अडकले तर कवचावर कवच बसते, अंड्यात अंडे होत नाही. यावरून महासरटाच्या अंडनलिकेचे भाग पक्ष्यांप्रमाणे वेगळे असावेत, असा निष्कर्ष काढला गेला. ज्या मऊ इंद्रियाचा कणही शिल्लक नाही, त्याची रचना एका बिघडलेल्या अंड्याने सांगितली. एका अंड्यावर एवढा भार टाकावा काय, अशी शंका घेता येईल, आणि दुसरे तसे अंडे मिळेपर्यंत ती राहील.

असे दुसरे अंडे मिळण्यास ते दगड जागेवर राहिले पाहिजेत. पाडल्याच्या शेतकऱ्यांनी हे वाटोळे गोटे काकड भैरव म्हणून पुजले होते. शेताचे आणि गुराढोरांचे तो रक्षण करतो, अशी त्यांची श्रद्धा. ते दगड काय आहेत हे २०२३ साली तज्ज्ञांनी सांगितले. पुजलेला दगड निदान कोणी फोडून रस्त्यावर टाकीत नाही. पिसदुऱ्याच्या शेणाला असा देव भेटलेला नाही.

माता निघून गेल्यावर पिल्लांचे काय होई, याचेही एक चित्र उपलब्ध आहे. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना एका दगडात अंडी व काही हाडे आढळली. १९८७ साली त्यांनी ती पिल्लाची हाडे म्हणून नोंदविली. पुढे २००१ साली अमेरिकेतील जेफ्री विल्सन यांना त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे दिसून आले. २०१० साली दोघांनी सहकाऱ्यांसह पूर्ण वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, आणि शेजारी नुकतेच बाहेर आलेले अर्ध्या मीटरचे पिल्लू. या सापाचा जबडा आजच्या अजगरासारखा फाकणारा नव्हता, म्हणून अख्खे अंडे त्याला गिळता येत नसे. पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्याला वाट पाहावी लागे. त्या दिवशी त्याची वाट पाहून झाली होती, तोच पावसाने सैल झालेली वाळू आणि चिखल वरून आला आणि त्याने दोघांनाही झाकून टाकले.