लेझरने चष्म्याचा नंबर घालवायचाय? आधी कॉर्नियाची जाडी विचारा

'दहा मिनिटांत चष्म्यापासून सुटका' अशा जाहिराती सोशल मीडियावर सतत दिसतात. दहा मिनिटं हे खोटंही नाही. पण शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरतं त्याआधीच्या तपासणीत. तिला दोन-तीन तास लागू शकतात आणि जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच असतो.

लेझर नेमकं काय करतो?

बुबुळावरचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. मायनस नंबर असलेल्या डोळ्यात प्रकाशकिरण मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडेच एकत्र येतात, म्हणून लांबचं धूसर दिसतं. लेझर कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट करतो आणि किरण पडद्यावर पोहोचतात. यासाठी वापरला जाणारा एक्सायमर लेझर जिवंत पेशींना जवळपास न भाजता थर काढू शकतो, हे चेन्नईत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा तपासलं. प्रयोगासाठी त्यांनी घरून आणली होती आदल्या दिवशीच्या जेवणातली उरलेली टर्की!

लॅसिकमध्ये कॉर्नियावर पातळ झाकण कापून ते बाजूला केलं जातं आणि खालच्या थरावर लेझर चालतो. पीआरकेमध्ये झाकण नसतं, फक्त वरची नाजूक त्वचा काढतात. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो. स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतली एक पातळ चकती काढून घेतात.

सगळा खेळ मायक्रॉनचा

कॉर्नियाची मधली जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त असते. लॅसिकचं झाकण सुमारे ११० मायक्रॉनचं. एक नंबर घालवायला ढोबळमानाने १५ मायक्रॉन जातात. झाकणाखाली किमान २५० मायक्रॉन शिल्लक राहायलाच हवेत, असा संकेत आहे. अनेक सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत.

आता मायनस ४ नंबर आणि ५४० ची जाडी असेल, तर ६० आणि ११० वजा जाऊन ३७० उरतात. चिंता नाही. पण नंबर मायनस ८ आणि जाडी ४८० असेल तर? १२० आणि ११० गेले की उरतात जेमतेम २५०. अशा वेळी डॉक्टरांनी 'नको' म्हटलं, तर ती चांगली बातमी समजावी. कारण कॉर्निया कमजोर झाला की तो डोळ्याच्या आतल्या दाबाने पुढे फुगू लागतो आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही. अशांना डोळ्यात कायमची लेन्स बसवण्याचा पर्याय सुचवला जातो.

जाडी पुरेशी असली तरी आकारही तपासावा लागतो. काहींमध्ये कॉर्निया शंकूसारखा होण्याचा आजार, केराटोकोनस, लपलेला असतो. तो टोपोग्राफी या नकाशासारख्या चाचणीत दिसतो. सतत डोळे चोळण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. कॉन्टॅक्ट लेन्समुळेही आकार तात्पुरता बदलतो. म्हणून मऊ लेन्स तपासणीआधी साधारण दोन आठवडे बंद कराव्या लागतात, कडक लेन्स त्याहून जास्त.

वय किमान १८ हवं आणि नंबर वर्षभर स्थिर. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या महिलांना थांबायला सांगितलं जातं.

नंतर त्रास होतो का?

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या पुढाकाराने झालेल्या 'प्राउल' अभ्यासात ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेबद्दल समाधानी होते. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. आधी कोणतीही तक्रार नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोकांना तीन महिन्यांनी दिव्यांभोवती वलय किंवा चकाकी यांसारखं काहीतरी नव्याने दिसत होतं. त्यामुळे रोजची कामं फार अवघड झालेले एक टक्क्याहून कमी होते. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना डोळे कोरडे झाल्याचं जाणवलं. दिवसभर एसीत स्क्रीनसमोर बसणाऱ्यांनी किंवा रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे आकडे जाहिरातीशेजारी ठेवून पाहावेत.

आणि चाळिशी? ती चुकत नाही. तिचं कारण डोळ्याच्या आतली लेन्स आहे, कॉर्निया नाही. पंचविशीत लॅसिक केलेल्यालाही चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागू शकतो. तसंच, मायनस नंबर गेला तरी डोळा आतून लांबटच राहतो. त्यामुळे पडदा सरकण्याचा धोका कायम असतो आणि पडद्याची तपासणी नंतरही करावी लागते.

पैसे आणि कागदपत्रं

आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबरचा खर्च सहसा मिळत नाही. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्यांनी त्या पदाची जाहिरात आधी वाचावी. काही पदांसाठी ही शस्त्रक्रिया झालेले उमेदवार अपात्र ठरतात.

शस्त्रक्रियेआधीच्या चाचण्यांची प्रत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू झाला की कोणत्या नंबरची लेन्स बसवायची, हे काढताना डॉक्टरांना मूळ आकडे उपयोगी पडतात. काचबिंदूच्या तपासणीतही डॉक्टरांना या शस्त्रक्रियेची माहिती द्यावी लागते, कारण पातळ कॉर्नियावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो.