पोलादी नळ्यांचा बॉम्बर

ओटावाच्या कॅनडा एव्हिएशन अँड स्पेस म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातल्या नाजूक विमानांच्या घोळक्यात एक काळपट, थोराड द्विपंखी विमान आहे. हे एईजी जी.४. त्या युद्धातल्या दुहेरी इंजिनांच्या जर्मन लढाऊ विमानांपैकी एवढे एकच जगात शिल्लक आहे. १९१९ मध्ये ते विजयचिन्ह म्हणून कॅनडात आले.

पंखांवरच्या गडद षटकोनी रंगठिपक्यांकडे आधी लक्ष जाते. रात्रीच्या अंधारात विमान लपावे म्हणून ते रंगवत. मी मात्र रेंगाळलो इंजिनांपाशी. वरच्या आणि खालच्या पंखाच्या मधोमध, नळ्यांच्या तिरप्या आधारांवर एकेक इंजिन तोललेले आहे. या नळ्या पोलादी आहेत. कापडाखालचा धडाचा सांगाडाही वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी नळ्यांचाच. गोथाच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यातले बॉम्बर त्याच वेळी लाकूड आणि प्लायवूडचे बनत होते. एईजी ही विजेची यंत्रे बनवणारी कंपनी. बर्लिनजवळच्या हेनिग्सडॉर्फमधल्या तिच्या कारखान्याने धातूवर भरवसा टाकला, यात मला तिचा मूळ धंदा दिसतो.

पोलाद मजबूत, पण जड. मग लागते ताकद, आणि या विमानाची सगळी वाटचाल त्या ताकदीच्या शोधात झाली. १९१५ च्या जी.१ ला शंभर अश्वशक्तीची दोन इंजिने होती. ती अपुरी पडली. पुढच्या जी.२ ला दीडशेची बेन्झ, जी.३ ला २२० ची मर्सिडीझ आणि अखेर जी.४ ला २६० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची मर्सिडीझ. १९१६ च्या अखेरीस हे विमान आघाडीवर पोहोचले.

तरी वजनाचा हिशेब सुटला नाही. रिकामे विमान सुमारे २,४०० किलो, भरलेले ३,६३०. मधल्या बाराशे किलोंत माणसे, मशीनगन, इंधन आणि बॉम्ब हे सगळे बसवायचे. बॉम्ब जास्तीत जास्त ४०० किलो, आणि तेवढे घेतले की पल्ला आखडला. जागा चौघांसाठी होत्या, पण अनेकदा पूर्ण संख्या न नेताच उड्डाण व्हायचे; मग आतल्या माणसांनी गरजेप्रमाणे जागा बदलायच्या. मागच्या मशीनगनवाल्याच्या पायाखाली उघडझाप होणारी खिडकी होती. खालून पाठलाग करणारे विमान तिथून दिसे.

म्हणून लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांची मोहीम लांब पंखांच्या गोथाकडे गेली. गोथाचा पंखविस्तार २३.७ मीटर, एईजीचा १८.४. एईजीच्या वाट्याला आघाडीमागचे जवळचे मारे आले. इटलीच्या आघाडीवर तर एका रात्रीत सात फेऱ्या मारल्याची नोंद आहे. शत्रूच्या गोळ्यांनी पडली त्यापेक्षा जास्त गोथा विमाने उतरताना मोडली, हे लक्षात घेतले की पोलादी सांगाड्याचा आग्रह मला पटतो. दूरच्या हल्ल्यासाठी हे विमान तोकडे होते. पण अंधारात पुन्हा पुन्हा उडून पुन्हा पुन्हा उतरण्यासाठी त्याची बांधणी योग्य होती.

ओटावाला गेलात तर पंखांमधल्या त्या नळ्या नीट पाहा. इंजिनांवरून मात्र ताकदीचा अंदाज बांधू नका. १९६८-६९ च्या दुरुस्तीत मूळ जातीची इंजिने मिळाली नाहीत, म्हणून तिथे १६० अश्वशक्तीची मर्सिडीझ बसवलेली आहेत.