ग्रंथ, चहा आणि कमावलेलें मत

जुने ग्रंथ आणि चहा या दोन विषयांवर कांहींच मत नाहीं, असा मराठी गृहस्थ विरळा. ज्ञानेश्वरी न वाचतां तिच्याविषयीं बोलणारे पुष्कळ भेटतात. चहाची निंदा तर बहुधा चहा पीत पीतच होते. परंतु मत असणें निराळें आणि मत कमावणें निराळें. हा भेद ध्यानांत येण्यास वर्धा जिल्ह्यांतील दोन रहिवाशांचीं उदाहरणें उपयोगी पडतील.

विनोबा भावे १९२१ सालीं वर्ध्यास आले आणि १९३८ पासून धाम नदीच्या कांठीं पवनार येथें राहूं लागले. त्यापूर्वीं, १९१५ च्या सुमारास, हें कुटुंब बडोद्यास असतांना त्यांच्या मातुःश्री गीतेवरील प्रवचनें ऐकावयास जात. संस्कृत कळत नाहीं म्हणून त्यांनीं मुलाकडे मराठी गीता मागितली. गद्य भाषांतर त्यांस रुचेना, तेव्हां विनोबांनीं वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीहि अवघड जाते असें त्यांनीं सांगितलें, आणि तूंच सोपी गीता कां लिहीत नाहींस, असें विचारलें.

एका मान्यवर ग्रंथावर एका साध्या गृहिणीनें दिलेलें हें मत होतें, आणि तें सकारण होतें. अनुष्टुभ् श्लोकाचीं अक्षरें अवघीं बत्तीस. संस्कृतांत विभक्ति आणि समास यांच्या बळावर तेवढ्यांत पुष्कळ अर्थ मावतो. मराठींत तितक्याच जागेंत तो बसवूं गेल्यास अनुवादक संस्कृत शब्द तसेच ठेवून देतो, आणि ज्याच्यासाठीं अनुवाद करावयाचा तोच दाराबाहेर राहतो. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं दुसरी वाट धरली होती : सातशें श्लोकांस सुमारें नऊ हजार ओव्या. विनोबांस मात्र मूळ श्लोकाचा आटोपशीरपणा राखूनच सोपेपणा साधावयाचा होता.

मातुःश्री १९१८ सालीं निवर्तल्या. गीताईस आरंभ झाला तो १९३० च्या ऑक्टोबरांत, आणि १९३१ च्या फेब्रुवारींत ती पुरी झाली. जिनें मागितली तिच्या हातीं ती पडली नाहीं. तथापि आईची कसोटी विनोबांनीं सोडली नाहीं. छापण्यापूर्वीं वर्ध्याच्या कन्याश्रमांतील मुलींना ती शिकवून त्यांनीं पारखून घेतली. १९३२ सालीं ती प्रसिद्ध झाली.

दुसरें उदाहरण चहाचें. हें पेय संतांच्या काळीं महाराष्ट्राच्या घरांत नव्हतें. चीनमध्यें लू यू यानें आठव्या शतकांतच चहावर ग्रंथ रचला होता. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्यें झाला तो १८३९ सालीं. १९३६ पासून सेवाग्रामास राहणारे महात्मा गांधी यांनीं १९४२ सालीं आगाखान महालांत बंदिवासांत असतांना ‘आरोग्याची किल्ली’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत चहा नकोच, असें सांगून ते थांबले नाहींत. त्यांनीं कारण दिलें. पानें पाण्यांत उकळल्यानें टॅनिन उतरतें. चामडें कमावण्यास लागणारें हें द्रव्य पोटासहि अपाय करतें, असें त्यांचें म्हणणें. पानें गाळणींत ठेवून वरून उकळतें पाणी ओतावें आणि रंग गवताच्या काडीसारखा फिका असावा, अशी सूटहि त्यांनीं दिली.

चहानें पोटाचें चामडें होतें, ही गोष्ट आजचें वैद्यक मानीत नाहीं. परंतु जेवणाबरोबर कडक चहा घेतल्यास अन्नधान्य आणि भाजीपाला यांतील लोह शरीरांत कमी शोषलें जातें, हें तें मान्य करतें. म्हणजे गांधींच्या मताचा एक भाग गळाला आणि एक भाग टिकला. कारण सांगितलें होतें म्हणूनच ही निवड करतां आली. ज्या मतास कारणच नाहीं, तें खोडतांहि येत नाहीं आणि सुधारतांहि येत नाहीं.

ग्रंथांसहि हाच न्याय लागू पडतो. एकनाथांस ज्ञानेश्वरीविषयीं अपार आदर होता. तरीहि १५८४ सालीं त्यांनीं तिच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध केली. आदर आणि परीक्षा यांचें वैर नाहीं. आईस समश्लोकी अवघड वाटली, तेव्हां तिनें ती मुकाट्यानें देव्हाऱ्यांत ठेवून दिली असती, तर गीताईची मागणी कोणी केली असती?