पाणी गेलं आणि खुर्ची घट्ट झाली

एक लाकडी खुर्ची आहे. तिला एकही खिळा नाही, स्क्रू नाही, चिकटवायला सरसही नाही. तरी तिच्यावर आजोबा बसतात, मांजर उडी मारतं, कुणीतरी आगाऊ मुलगा मागच्या दोन पायांवर झुलतो, आणि ती वर्षानुवर्षं कुरकुरतसुद्धा नाही. मग तिचे तुकडे एकमेकांना धरून कोण ठेवतं?

पाणी! आणि तेही असलेलं नाही, निघून गेलेलं.

हे कोडं सोडवायला आधी इंग्लंडमध्ये जाऊ. लंडनच्या वायव्येला चिल्टर्न नावाच्या टेकड्या आहेत. त्यांवर बीच नावाच्या उंच झाडांची दाट जंगलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे काही कारागीर चक्क जंगलातच आपला कारखाना थाटायचे. कारखाना म्हणजे काय, तर डोक्यावर छोटंसं छप्पर, कुऱ्हाड, पाचरी, दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब सुरी आणि पायाने चालवायचा लेथ. या कारागिरांना म्हणायचे बॉजर. गंमत अशी, की खुर्च्या ते करतच नसत! करायचे फक्त खुर्चीचे पाय आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. विक्री ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांच्या हिशेबाने. माल जायचा जवळच्या हाय विकम गावी. १८७५ च्या सुमारास त्या एका गावात दिवसाला चार हजारांहून जास्त खुर्च्या बनत, असा अंदाज आहे. एका खुर्चीला पाय चार. गुणाकार तुम्ही करा.

पण काम जंगलातच का? अहो, नुकत्याच तोडलेल्या बीचच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ओंडके गाडीत भरून गावाला न्यायचे, म्हणजे भाडं मोजून पाणी वाहायचं! शिवाय ओलं लाकूड मऊ असतं. वाळलेल्या लाकडावर हत्यार अडखळतं, ओल्यावर सुरी सरसर चालते आणि लांबच लांब कुरळी सालपटं निघतात.

आता एक गोष्ट नीट बघा. बॉजर पायाच्या लांबीचा ओंडका कापून घ्यायचा, पण त्याचे उभे तुकडे करताना करवत बाजूला ठेवायचा. पाचर ठोकून ओंडका फोडायचा. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा गच्च बांधलेला जुडगा, सरबताच्या स्ट्रॉ एकत्र बांधाव्यात तसा. करवत सरळ रेषेत चालते, नळ्या मध्ये आल्या तर त्यांना आडवी कापते. पाचर मात्र दोन नळ्यांच्या मधली वाट शोधत जाते. त्यामुळे फोडलेल्या तुकड्यात तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. असा पाय बारीक असला तरी सहज मोडत नाही. स्वीडनमधले लाकडी चमचे कोरणारे लोक म्हणूनच मुद्दाम वाकडी फांदी हुडकतात. फांदीच्या बाकाबरोबर तंतूही वळलेले असतात, मग चमचा मानेपाशी तुटत नाही. आपल्याकडे लाकडी नांगरासाठी बाभळीचा निसर्गतःच वाकलेला बुंधा शोधायचे, त्यामागेही हेच.

मग पाळी लेथची. वर एक लवचीक लांब काठी आडवी बसवलेली. तिच्या टोकाला दोरी. दोरीचा वेढा लाकडाला, आणि खालचं टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली, की लाकूड गर्रकन आपल्याकडे फिरतं. तेवढ्यात पटाशी लावायची. पाय उचलला, की काठी उसळी मारून दोरी वर ओढते आणि लाकूड उलटं फिरतं. तेव्हा पटाशी मागे. म्हणजे अर्धा वेळ फुकट? मला तर उलट ही सोय वाटते. तेवढ्यात हाताला क्षणभर उसंत मिळते.

पाय तयार झाले, की ते वाऱ्यावर रचून ठेवायचे. आणि इथे खरी जादू सुरू होते. आधी नळ्यांच्या पोकळीतलं पाणी उडून जातं. लाकूड हलकं होतं, पण आकार तोच राहतो. त्यानंतर नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आक्रसतं. भिंतींमध्ये अतिसूक्ष्म धागे असतात, बहुतेक उभे. मधलं पाणी गेलं की ते एकमेकांच्या जवळ सरकतात. म्हणून लाकूड जाडीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आक्रसतं, मध्यापासून सालीकडे साधारण त्याच्या निम्मं. म्हणजे लेथवर अगदी गोल कातलेला पाय वाळल्यावर किंचित लंबगोल होतो!

हा दोष झाला ना? पण अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांतल्या खुर्ची करणाऱ्यांनी यातूनच युक्ती काढली. आडव्या दांड्या त्यांनी चुलीजवळ ठेवून खडखडीत वाळवल्या. पाय मात्र थोडे ओलसर ठेवले. पायाला भोक पाडून त्यात दांडी ठोकून बसवली. आता पाय सावकाश वाळतो आणि त्याचं भोक दांडीवर आवळत जातं. दांडी पायातला थोडा ओलावा पिऊन फुगते. एक आवळतोय, दुसरी फुगतेय! आपल्या खुर्चीचं कोडं सुटलं.

तुम्हाला घरी बघायचंय? सुरी-कुऱ्हाडीला हात लावू नका, करवत मोठ्यांच्या हाती द्या. पेरू किंवा आंब्याच्या नुकत्याच तोडलेल्या, मनगटाएवढ्या फांदीची बोटभर जाड चकती कापून घ्या. तिचं वजन करा, पट्टीने रुंदी मोजा, वहीत लिहा आणि चकती सावलीत ठेवून द्या. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. वजनातला फरक पाहून डोळे विस्फारतील. बहुधा कडेपासून मध्यापर्यंत एक फटही पडलेली दिसेल. चकतीचा घेर जास्त आक्रसू बघतो, मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर तेवढं आक्रसत नाही. या ओढाताणीत कुठेतरी फाटणारच! लाकडाच्या वखारीत ओंडक्यांच्या तोंडावर अशाच फटी दिसतात.

आणि हो, वाळलेलं लाकूड पाणी पिणं सोडत नाही. पावसाळ्यात घरातलं लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं, आणि सगळे म्हणतात, सुतारकाकांना बोलवा, रंधा मारून घेऊ. त्यांना म्हणावं, जरा थांबा. जुलैत रंधा मारलात, तर मे महिन्यात त्याच दाराच्या फटीतून पाल आत येईल.