मैदानापलीकडची कारकीर्द

अमेरिकी कॉलेजांतल्या महिला बास्केटबॉल संघाची संचालन-प्रमुख अनेकदा स्वतः खेळलेली असते. प्रवास, मुक्काम, जेवण, सरावाचं वेळापत्रक, खर्चाचा हिशेब हे सगळं तिच्याकडे. या कारकुनी कामाला खेळाडू कशाला, असं कुणी विचारेल. पण सामना रात्री उशिरा संपला तर जेवण कधी लागेल, सकाळचा सराव किती पुढे ढकलायचा, हे मैदानावर घाम गाळलेलीलाच नेमकं कळतं. अर्थात नुसता खेळ पुरत नाही. भारताच्या महिला बास्केटबॉल संघाच्या माजी कर्णधार दिव्या सिंग यांनी डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं आणि तिथल्याच महिला संघाच्या प्रशिक्षणातही हातभार लावला. ही वाट आपल्याकडच्या मुलींनाही दिसावी म्हणून बसवकल्याण तालुक्यातल्या कोहिनूरसारख्या गावांतल्या शिक्षकांनीही मुलींना खेळाबरोबर संघाचा हिशेब आणि वेळापत्रक सांभाळायला द्यावं.